रिपोर्ट हातात, डॉक्टर कुठे?

(आपल्या मंडळाच्या गेल्या गणेशोत्सवात दिलेल्या भाषणाचा मजकूर. अनेक सभासदांनी मागितल्यामुळे तो थोडा नीट करून स्मरणिकेसाठी देत आहे.)



दरवर्षी आपण या व्यासपीठावर कुणा तज्ज्ञाला बोलावतो. या वर्षी आयत्या वेळी वक्ते येऊ शकले नाहीत आणि कार्यवाहांनी माझ्याकडे बोट दाखवले. मी डॉक्टर नाही, हे सुरुवातीलाच सांगतो. मेकॅनिकलचा डिप्लोमा झाला आणि रेल्वेत लागलो. आता वय सत्तेचाळीस. अशोकपुरमच्या वर्कशॉपमध्ये चाके आणि ॲक्सल यांच्याशी माझा रोजचा संबंध. तेव्हा औषधपाण्यावर बोलण्याचा अधिकार मला नाही. पण तपासणी म्हणजे काय आणि तपासणीच्या आकड्याने माणूस कसा फसतो, यावर बोलण्याचा थोडासा अधिकार आहे. एक तो धंद्यातून आलेला, आणि दुसरा घरच्या अनुभवातून आलेला.

तुम्हा सर्वांच्या मोबाइलवर एक संदेश नेहमी येतो. दसरा आला की येतो, दिवाळीला येतो, 'फादर्स डे'ला तर हमखास येतो. "साठ तपासण्या, निम्म्या किमतीत, रक्त घ्यायला माणूस घरी येईल." आपल्यासारख्या घरापासून दूर राहणाऱ्यांना हा संदेश फार बरा वाटतो. आई-वडील साताऱ्याला, भाऊ मिरजेला, आपण म्हैसूरला. इथे बसून बटण दाबले की तिकडे माणूस जातो, रक्त घेतो, आणि संध्याकाळी रिपोर्ट आपल्या फोनवर! काळजी घेतल्याचे समाधान मिळते. मीही ते घेतले. त्याची गोष्ट आज सांगणार आहे.

माझा थोरला भाऊ मिरजेला शिक्षक होता. मी त्याला दादा म्हणतो. त्याला मधुमेह होता, गोळ्या चालू होत्या. २०२२ च्या दसऱ्याला, त्याच्या निवृत्तीचे वर्ष म्हणून, मी म्हैसुरातून त्याच्यासाठी असेच एक पॅकेज घेतले. रिपोर्ट आला. तीन महिन्यांच्या साखरेचा आकडा, म्हणजे एचबीए१सी, ८.१. हिमोग्लोबिन १०.१. शेजारी लाल खूण आणि खाली छापील सल्ला : पालेभाज्या खा. दादाने पालेभाज्या खाल्ल्या आणि जोडीला दुकानातून लोहाच्या गोळ्या आणल्या. जानेवारीत मी पुन्हा पॅकेज पाठवले. हिमोग्लोबिन ११.६ आणि साखर ८.१ वरून थेट ६.४! मी फोन केला, "दादा, फर्स्ट क्लास!" त्याने वर्गातल्या हुशार मुलासारखे हसून घेतले. वजनही पाच किलो उतरले होते, पट्ट्याला नवे भोक पाडावे लागले होते. वहिनींनी पेढे वाटले. दादाने आपल्या मनाने मधुमेहाची एक गोळी बंद केली.

ही गोष्ट इथेच थांबवतो. मधे थोडे दुसरे सांगतो, म्हणजे पुढचे समजेल.

पूर्वी रक्त तपासायचे तर डॉक्टरांची चिठ्ठी लागे. निदान आपण तसे मानत होतो. आज लॅबमध्ये जाऊन पैसे भरले की झाले, चिठ्ठी कुणी मागत नाही. हा बदल हळूहळू झाला. डॉ. वेलुमणी भाभा अणुसंशोधन केंद्रात होते. ती नोकरी सोडून त्यांनी १९९६ मध्ये मुंबईत थायरोकेअर सुरू केली. देशभरातून नमुने एका मोठ्या प्रयोगशाळेत आणायचे, यंत्रांवर एकगठ्ठा तपासायचे आणि दर खाली आणायचे, ही ती पद्धत. रेल्वेवाल्यांना हे लगेच कळेल. एका वॅगनपेक्षा पूर्ण रेक स्वस्त पडते. दर उतरले, तशी सामान्य माणसाच्या हातात तपासणी आली. ही चांगली गोष्ट झाली.

मग कोविड आला. सुरुवातीला चाचणीसाठी चिठ्ठी लागत होती. जुलै २०२० मध्ये मुंबई महापालिकेने ती अट काढून टाकली आणि सप्टेंबर २०२० मध्ये आयसीएमआरनेही मागेल त्याला चाचणीची वाट मोकळी केली. मे २०२१ मध्ये पुण्याच्या मायलॅबच्या घरच्या घरी करायच्या चाचणी-संचाला मान्यता मिळाली. किंमत अडीचशे रुपये. तिथे चिठ्ठीची अट काढणे योग्यच होते. कारण प्रश्न एकच होता, रोग आहे की नाही, आणि उत्तर आले की काय करायचे हेही ठरलेले होते : घरात वेगळे राहायचे.

पण त्याच काळात दुसरेही घडले. सौम्य ताप असलेली माणसे आपल्या मनाने सी.टी. स्कॅन, सी.आर.पी., डी-डायमर करू लागली आणि आकडे व्हॉट्सॲपवर एकमेकांना पाठवू लागली. मे २०२१ मध्ये एम्सचे तेव्हाचे संचालक डॉ. रणदीप गुलेरिया यांना जाहीरपणे सांगावे लागले, की सौम्य आजारात याची गरज नाही, उलट नुकसान होऊ शकते. म्हणजे एकाच साथीत, एकाच घरात, चिठ्ठीविना केलेली एक तपासणी उपयोगी ठरली आणि दुसरी तापदायक. फरक कुठे आहे? उत्तर आल्यावर काय करायचे हे आधी ठरलेले होते की नव्हते, यात आहे.

काही ठिकाणी कायद्यानेच हे ओळखले आहे. एच.आय.व्ही. संबंधीच्या २०१७ च्या कायद्यात तपासणीआधी संमती आणि तपासणीच्या आधी व नंतर समुपदेशन सांगितले आहे. म्हणजे रिपोर्टच्या दोन्ही बाजूंना माणूस हवा! आणि दुसरे उदाहरण आपल्याला मान खाली घालायला लावणारे. गर्भाची तपासणी पैसे टाकून मिळू लागली तेव्हा आपल्या समाजाने तिचे काय केले? मुली वेचून काढल्या. महाराष्ट्राने १९८८ मध्ये त्याविरुद्ध कायदा केला आणि १९९४ मध्ये देशाने केला. "माझे पैसे, माझी तपासणी" हे वाक्य ऐकायला सरळ वाटते, पण ते नेहमीच सरळ नसते.

परदेशातही हा वाद झाला. अमेरिकेच्या ॲरिझोना राज्यात २०१५ मध्ये असा कायदा झाला, की कुणीही डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय कुठलीही रक्ततपासणी मागू शकतो. त्यासाठी थेरानोस नावाच्या कंपनीने जोर लावला होता. बोटातून काढलेल्या थेंबभर रक्तात डझनावारी तपासण्या, असा तिचा दावा. पुढच्याच वर्षी, २०१६ मध्ये, कंपनीला आपल्या यंत्राचे दोन वर्षांचे निकाल रद्द करावे लागले. मालकीण एलिझाबेथ होम्स २०२२ मध्ये गुंतवणूकदारांच्या फसवणुकीत दोषी ठरली. आता सांगा, चुकीचा रिपोर्ट हातात पडलेल्या ज्या माणसामागे डॉक्टर होता, तो निदान म्हणाला असेल, "हा आकडा तुमच्या प्रकृतीशी जुळत नाही, पुन्हा करू." ज्याच्यामागे कुणीच नव्हते त्याने काय केले असेल?

मित्रहो, आता थोडे गणित करू. घाबरू नका, शाळेतलेच आहे.

रिपोर्टवर 'नॉर्मल' म्हणून जी मर्यादा छापतात, ती बऱ्याच तपासण्यांत अशी ठरवलेली असते : निरोगी माणसे घ्या, त्यांचे आकडे मांडा आणि मधले ९५ टक्के ते नॉर्मल. म्हणजे पाच टक्के धडधाकट माणसे ठरवूनच बाहेर पडली. कोलेस्टेरॉल, एचबीए१सी अशांच्या मर्यादा वेगळ्या रीतीने ठरतात, पण बाकी पुष्कळांचे असे आहे. आता एका निरोगी माणसाच्या वीस तपासण्या केल्या, आणि त्या एकमेकींवर अवलंबून नाहीत असे धरले, तर एक तरी आकडा लाल येण्याची शक्यता ६४ टक्के. साठ केल्या तर ९५ टक्के! म्हणजे साठ तपासण्यांचे पॅकेज घेतले आणि एकही लाल खूण आली नाही, तर तेच नवल म्हणायचे.

दुसरा हिशेब. एखादा रोग हजारात एकाला आहे. तपासणी चांगली आहे, निरोगी माणसांत शंभरातल्या पाचांनाच चुकून रोगी ठरवते. हजार लोकांनी ती हौसेने केली. खरा रोगी एक सापडला. चुकून रोगी ठरले जवळजवळ पन्नास. पॅकेजमध्ये हल्ली कॅन्सरचे म्हणून जे आकडे घालतात, त्यांतला सी.ई.ए. सिगारेट ओढणाऱ्यांत वाढलेला असू शकतो आणि सी.ए.-१२५ पाळीच्या दिवसांतही वाढू शकतो. त्या पन्नास जणांनी किती रात्री जागून काढायच्या?

दक्षिण कोरियात तर देशाच्या पातळीवर हे घडले. १९९९ नंतर तिथे सरकारी कॅन्सर तपासणी सुरू झाली आणि जोडीला थोडे जास्तीचे पैसे भरून लोक गळ्याची सोनोग्राफी करून घेऊ लागले. २०११ पर्यंत थायरॉइडच्या कॅन्सरचे निदान १९९३ च्या पंधरापट झाले. पण त्या रोगाने होणारे मृत्यू तेवढेच राहिले. हजारो लोकांच्या थायरॉइड ग्रंथी काढल्या गेल्या आणि जन्मभराची गोळी मागे लागली. जे कधी त्रास देणार नव्हते, ते शोधून काढल्याचे हे फळ.

आता माझ्या धंद्यातले. डबा ओव्हरहॉलिंगला आला की त्याचे ॲक्सल आम्ही अल्ट्रासोनिक यंत्राने तपासतो. ॲक्सलच्या तोंडाला प्रोब लावायचा, ध्वनीलहरी आत जातात आणि कुठे तडा असेल तर तिथून परत येतात, पडद्यावर उंचवटा दिसतो. नवीन मुलगा पहिल्या आठवड्यात ओरडतो, "सर, क्रॅक!" जुना माणूस जवळ जातो. उंचवटा किती अंतरावर आहे ते बघतो. त्या अंतरावर चाक दाबून बसवलेले असते आणि त्या घट्ट बसलेल्या जागेवरूनही लहरी परततात, हे त्याला माहीत असते. तो तोंड पुसतो, पुन्हा तेल लावतो, दुसऱ्या टोकाकडून बघतो, ॲक्सलचा इतिहास काढतो. मग ठरवतो. यंत्र दोघांच्या हातात एकच असते. नवख्याच्या हाती ते दिले तर चांगले ॲक्सल भंगारात जातील, आणि एखादा खरा तडा "हे नेहमीचेच" म्हणून गाडीखाली जाईल. पहिल्यात पैसे जातात, दुसऱ्यात माणसे.

दादाचे दुसऱ्या प्रकारचे झाले.

जून २०२३ मध्ये दादाला जिना चढताना धाप लागू लागली. वहिनींनी हट्ट धरून त्याला आमच्या जुन्या डॉक्टरांकडे नेले. मिरज म्हणजे डॉक्टरांचे गाव. डॉ. वानलेस यांनी १८९४ मध्ये तिथे इस्पितळ काढले तेव्हापासून लांबलांबचे रोगी तिथे येतात. आणि त्या गावात राहणारा माझा भाऊ आठ-नऊ महिने डॉक्टरकडे गेला नव्हता. कशाला जायचे? रिपोर्ट तर दर तीन महिन्यांनी धाकटा भाऊ पाठवत होता!

डॉक्टरांनी खालची पापणी ओढून बघितली. पोट चाचपले. तीन प्रश्न विचारले : "सर, वजन मुद्दाम कमी केलंत का? शौचाचा रंग कसा आहे? घरात कुणाला आतड्याचा आजार?" वजन आपोआप उतरले होते. शौचाला काळी होत होती, पण लोहाच्या गोळीने तशी होतेच, म्हणून दादाने लक्ष दिले नव्हते. डॉक्टर म्हणाले, "पुरुष माणसाच्या अंगातलं रक्त कमी झालं, तर आधी ते कुठे गेलं हे विचारायचं. टाकी गळत असताना वरून पाणी ओतलं तर पातळी दिसते बरी, पण गळती थांबते का?" दुर्बिणीतून तपासणी झाली. मोठ्या आतड्याच्या उजव्या बाजूला गाठ. कॅन्सर.

आणि साखर उतरली होती ती? तो आकडा मला फार दिवस झोपू देत नव्हता. म्हणून डॉक्टरांना विचारून घेतले. तांबडी पेशी साधारण १२० दिवस जगते आणि तेवढ्या दिवसांत तिच्यातल्या हिमोग्लोबिनला साखर चिकटत जाते. ती मोजून तीन महिन्यांची सरासरी काढतात. आता रक्त गळते आहे, जुन्या पेशी बाहेर जात आहेत, आणि लोहाच्या गोळ्यांमुळे शरीर भराभर नव्या पेशी तयार करत आहे. नव्या पेशींना साखर चिकटायला वेळच मिळालेला नाही. मग आकडा खाली येतोच. आपल्या भाषेत सांगायचे तर रेकमधले अर्धे डबे नवे कोरे जोडले आणि म्हटले, "बघा, या मार्गावर धूळ कमी झाली!" धूळ तेवढीच होती. शिवाय वजन आणि भूक कमी झाली होती, त्याचाही थोडा वाटा असेल. म्हणजे ज्या आकड्यावर आम्ही पेढे वाटले, तो आकडा आजारानेच सुधारून दिला होता. रिपोर्ट चुकीचा नव्हता, लॅबचा दोष नव्हता. रक्ताचा आकडा आणि साखरेचा आकडा एकाच कागदावर, चार ओळींच्या अंतराने छापलेले होते. ते एकत्र वाचणारा माणूस तेवढा मधून गेला होता. त्याला काढून मी तिथे बसलो होतो, डिप्लोमा घेऊन.

जुलैत ऑपरेशन झाले. गाठींपर्यंत पसरले होते, म्हणून केमोथेरपी झाली. त्या वर्षीचा गणपती दादाने खाटेवरून बघितला. दसऱ्यालाच डॉक्टरांकडे गेला असता तर पसरले नसते का? कुणी ठामपणे सांगू शकत नाही. पण ते महिने माझ्या खात्यावर आहेत.

हे ऐकून कुणी म्हणेल, म्हणजे तपासण्या करूच नयेत? नाही, मित्रहो! उलट आपण भारतीयांनी साखर आणि रक्तदाब यांच्याकडे लवकर बघायला हवे. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून आया आणि बाळांचा जो अभ्यास चालवला, त्यातून दिसले की आपली मुले जन्मतःच दिसायला बारीक, पण आत चरबी धरून असतात. आणि आपल्याच म्हैसुरात होल्ड्सवर्थ मेमोरियल, म्हणजे आपल्या मिशन हॉस्पिटलात, १९९७ पासून तसाच मोठा अभ्यास झाला आहे. सडपातळ माणसालाही मधुमेह होतो. तिशीनंतर रक्तदाब, साखर आणि काही कॅन्सर यांची तपासणी सरकारी आरोग्य केंद्रातही होते. तिचा लाभ जरूर घ्यावा. घरात ग्लुकोमीटर असावा, तो वापरायलाही शिकावे.

मी फक्त काही नियम करून घेतले आहेत. तेवढे सांगतो.

पहिला : तपासणीआधी स्वतःला विचारायचे, आकडा जास्त आला तर मी काय करीन आणि कमी आला तर काय करीन? उत्तर देता आले नाही, तर तपासणी लांबणीवर.

दुसरा : त्रास होत असेल, म्हणजे धाप, छातीत दुखणे, वजन उतरणे, शौचातून रक्त किंवा काळी शौच, तर आधी डॉक्टर आणि मग लॅब. क्रम उलटा करायचा नाही.

तिसरा : रिपोर्ट बघून आपल्या मनाने गोळी सुरू करायची नाही आणि बंदही करायची नाही. लोहाची साधी गोळीसुद्धा.

चौथा : एखादा आकडा लाल आला तर घाबरण्याआधी तो पुन्हा करून घ्यायचा. दंडाला पट्टा फार वेळ घट्ट राहिला, नमुन्यात रक्तपेशी फुटल्या, तर पोटॅशियम खोटेच वाढलेले दिसते. आदल्या दिवशी खूप व्यायाम केला तर लिव्हरचा म्हणून छापलेला एस.जी.ओ.टी. वाढतो. केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या घेणाऱ्यांचा थायरॉइडचा रिपोर्ट चुकू शकतो. घेत असाल ते सर्व लॅबवाल्याला सांगा.

पाचवा : रिपोर्टवर पात्र डॉक्टरची सही हवी. पॅथॉलॉजीचे पदव्युत्तर शिक्षण घेतलेल्या नोंदणीकृत डॉक्टरचीच सही हवी, असा सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१७ मध्ये निकाल दिला. लॅबला एन.ए.बी.एल.ची मान्यता असेल तर उत्तम.

सहावा : सर्व रिपोर्ट तारखेनुसार एका फाइलला लावायचे, आपण ॲक्सलचे रजिस्टर ठेवतो तसे. एका आकड्यापेक्षा चार आकड्यांची चाल जास्त बोलते. आणि ती फाइल डॉक्टरांसमोर उघडायची.

आणि शेवटचा, आपल्यासारख्या दूर राहणाऱ्यांसाठी. गावाकडच्या माणसासाठी पॅकेज घेण्याआधी एक फोन करा. पाच मिनिटे विचारा : जेवण जाते का? झोप लागते का? जिना चढवतो का? पट्ट्याला नवे भोक पाडले का? मग पॅकेज घ्यायचेच असेल तर घ्या, पण त्याच पैशांत डॉक्टरांच्या फीचे पैसेही पाठवा, आणि "रिपोर्ट घेऊन जा" असे बजावा. जाऊन आले का, तेही विचारा.

माझे भाषण संपत आले. हे सर्व घरचे आहे. ते व्यासपीठावरून सांगू का, असे मी दादाला विचारले, तेव्हा तो म्हणाला, "सांग. एक तरी माणूस डॉक्टरकडे गेला तर माझे शिक्षण वाया गेले नाही म्हणेन." शिक्षक तो शिक्षकच! ऑपरेशनला आता दोन वर्षे होऊन गेली. दर काही महिन्यांनी तपासणी असते, आणि ती कुठली करायची हे डॉक्टर ठरवतात. शरावती एक्स्प्रेसने तो काल आला आहे. तिसऱ्या रांगेत बसला आहे. आरतीनंतर त्याच्याशी अवश्य बोला. फक्त आपापले रिपोर्ट त्याला दाखवू नका, तो पालेभाज्या खायला सांगेल!

सर्वांना निरोगी आयुष्य लाभो, ही श्रीचरणी प्रार्थना. गणपती बाप्पा मोरया!